आधी गाव, मग लक्षणं: माओरी संस्कृतीने मानसोपचार कसा बदलला

न्यूझीलंडच्या मानसोपचार विभागात एखादं माओरी कुटुंब पहिल्यांदा येतं, तेव्हा पद्धत नीट पाळली जात असेल तर सुरुवातीचा बराच वेळ आजाराबद्दल कुणीच बोलत नाही. कुटुंबातलं किंवा रुग्णालयातलं कुणी वडीलधारं माणूस छोटी प्रार्थना म्हणतं. मग ओळखी होतात. डॉक्टरही आपलं मूळ गाव, आपली माणसं यांबद्दल दोन वाक्यं सांगतो. झोप लागते का, आवाज ऐकू येतात का, जीव द्यावासा वाटतो का, हे प्रश्न त्यानंतर येतात. बाहेरून बघणाऱ्याला यात वेळ वाया गेल्यासारखा वाटेल. पण ही तपासणीचीच पहिली पायरी आहे. ती गाळली, तर पुढच्या प्रश्नांना मिळणारी उत्तरं फारशी कामाची नसतात.

माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी; आज देशात साधारण सहा जणांमागे एक माओरी आहे. 2003-04 मध्ये तिथे सुमारे 13,000 लोकांच्या मुलाखती घेऊन मानसिक आजारांची मोठी पाहणी झाली आणि 2006 मध्ये ती प्रसिद्ध झाली. मागच्या बारा महिन्यांत निदान होण्याजोगा मानसिक आजार असलेल्यांचं प्रमाण माओरींमध्ये 29.5 टक्के निघालं. माओरी आणि पॅसिफिक बेटांवरचे लोक वगळता बाकीच्यांमध्ये ते 19.3 टक्के होतं. मात्र वय, लिंग, शिक्षण आणि उत्पन्न यांतला फरक हिशेबात घेतला की हेच आकडे 23.9 आणि 20.3 होतात. म्हणजे अंतराचा मोठा भाग तरुण लोकसंख्या आणि गरिबी यांतून आलेला. संस्कृतीबद्दल भरभरून बोलणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवलेला बरा, कारण थकलेलं घरभाडं प्रार्थनेने फिटत नाही. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. आजार असूनही उपचारांसाठी कुणाकडे गेलेल्यांचं प्रमाण माओरींमध्ये जेमतेम एक तृतीयांश होतं, बाकीच्यांमध्ये सुमारे 41 टक्के. दवाखाना तोच असताना माणसं दारापर्यंत का येत नाहीत, हा प्रश्न निव्वळ पैशाचा नव्हता.

त्याचं उत्तर इतिहासात सापडतं. 1840 मध्ये वाइतांगी इथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात करार झाला, आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक जमीन माओरींच्या हातून गेली. शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना छड्या बसत. 1907 मध्ये पारंपरिक वैदूंवर, म्हणजे तोहुंगांवर बंदी घालणारा कायदा झाला. त्याला माउई पोमारे यांच्यासारख्या माओरी डॉक्टरांचाही पाठिंबा होता, हे विशेष. तापाने फणफणलेल्या रुग्णाला थंड पाण्यात बुडवण्यासारखे प्रकार त्यांनी पाहिले होते. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण कायद्याने घातक उपाय आणि माणसाला धीर देणारे विधी यांत भेद केला नाही, सगळा वर्गच संशयित ठरवला. 1962 मध्ये तो रद्द झाला. दरम्यान तोहुंगा संपले नव्हते, फक्त लपले होते, आणि ‘आधी कुठे दाखवलंत?’ या डॉक्टरच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळायचं बंद झालं होतं. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा या बाबतीत अधिक नेमका आहे. त्यात अनुसूचीतली ठरावीक अघोरी कृत्यं गुन्हा ठरतात, देवाधर्माचं सगळंच नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं कामासाठी शहरांत आली. 1945 मध्ये माओरींपैकी साधारण एक चतुर्थांश लोक शहरी भागात होते. 1986 पर्यंत ते प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास गेलं. आजी-आजोबा गावी राहिले, जमातीचं सभागृह म्हणजे माराए गावी राहिलं. त्याच काळात हजारो मुलं सरकारी संगोपनगृहांत गेली. लेक अ‍ॅलिस या मनोरुग्णालयात 1972 ते 1980 दरम्यान चाललेल्या मुलांच्या विभागात भूल न देता विजेचे झटके देणं ही शिक्षा होती, आणि तिथल्या मुलांत माओरी बरेच होते. संगोपनातल्या अशा छळाची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अंतिम अहवाल जुलै 2024 मध्ये आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ज्या घरात काकाने हे भोगलंय, त्या घरातला पुतण्या मानसोपचार विभागात पाय ठेवताना बिचकतो. हे बिचकणं आजाराचं लक्षण म्हणून कागदावर उतरलं, तर पहिली चूक तिथेच झाली.

आता मुख्य आराखडा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मेसन डुरी या माओरी मानसोपचारतज्ज्ञांनी ‘ते फारे तापा फा’ ही मांडणी पुढे आणली. आरोग्य म्हणजे चार भिंतींचं घर. वाइरुआ ही आत्मिक बाजू, हिनेंगारो म्हणजे मन आणि विचार, तिनाना म्हणजे शरीर, आणि फानाउ म्हणजे विस्तारित कुटुंब. घर ज्या जमिनीवर उभं राहतं ती, फेनुआ, नंतरच्या चित्रांमध्ये पाया म्हणून दाखवली जाऊ लागली. भिंत कुठलीही खचली तरी छप्पर कलतं, हा त्यातला साधा अर्थ. नेहमीच्या मानसोपचारात मनाची भिंत ठोकून बघतात, शरीराची थोडीफार. कुटुंब ‘सामाजिक इतिहास’ या मथळ्याखाली चार ओळींत उरकतं आणि आत्मिक बाजूसाठी ‘धर्म’ नावाचा एक रकाना असतो.

व्यवहारात हे कसं चालतं, ते एका कल्पित रुग्णावरून पाहू. चोविशीतला तरुण, दारू आणि मेथ (मेथॅम्फेटामाइन हे अमली द्रव्य) घेतो, दोनदा कामावरून काढलेला, रात्ररात्र जागा. शरीराच्या भिंतीत यकृताच्या तपासण्या, दात, झोप, वजन, दारू एकदम बंद केल्यास फिट येण्याचा धोका. मनाच्या भिंतीत नैराश्य, आत्महत्येचे विचार, व्यसनाची ओढ नेमकी कधी उठते. कुटुंबाच्या भिंतीत वेगळे प्रश्न येतात. तो कुणाचं ऐकतो? कुणाच्या मयताला जायचं राहिलं? घरात आणखी कोण पितं, आणि त्याच्या पैशावर कोण अवलंबून आहे? आत्मिक भिंतीत तो शेवटचा आपल्या माराएवर कधी गेला, पूर्वजांची नावं त्याला ठाऊक आहेत का, स्वतःबद्दल त्याला कसली लाज वाटते. मग उपचारांचा आराखडा चारही बाजूंनी होतो. व्यसन सोडवण्याची औषधं आणि समुपदेशन असतंच. सोबत एखाद्या मामाने आठवड्यातून एकदा त्याला नेऊन लाकूडकाम किंवा वाका नावाची होडी वल्हवण्याच्या सरावाला बसवणं हेही आराखड्यात लिहिलं जातं, वार आणि जबाबदार माणसाच्या नावासकट. नाव लिहिलं नाही की ते होत नाही. ‘सांस्कृतिक आधार द्यावा’ एवढंच वाक्य फायलीत पडून राहतं, हा सगळीकडचा अनुभव.

आराखडा चांगला असूनही तो फसतो तो इथेच. घाईतला कर्मचारी चार रकाने छापून घेतो आणि ‘वाइरुआ’पुढे चर्चचं नाव लिहून मोकळा होतो. रातानासारख्या माओरी चर्चचा सदस्य असणं ही माहिती झाली. त्या माणसाला रात्री तीन वाजता कशाची भीती वाटते, ते त्यातून कळत नाही.

भेटीचा क्रम हा यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग. क्राइस्टचर्चमधल्या वैद्यकीय शिक्षकांनी 2011 मध्ये ‘हुई’ म्हणजे माओरी सभेच्या रीतीवरून डॉक्टरांसाठी चार पायऱ्या बांधून दिल्या. पहिली मिही, म्हणजे अभिवादन. स्वतःचं नाव, हुद्दा, आज का भेटतोय ते सांगायचं, आणि समोरच्याच्या नावाचा उच्चार त्यालाच विचारून नीट करायचा. दुसरी फाकाफानाउंगातांगा, म्हणजे नातं जुळवणं. आपल्याकडे ‘मूळ गाव कुठलं? कुलदैवत कुठलं?’ असं विचारत अनोळखी माणसंही दोन मिनिटांत ओळखीचा धागा काढतात, तसंच हे. माओरी माणूस आपला डोंगर, आपली नदी, आपली जमात सांगतो आणि समोरच्याकडूनही तेवढंच अपेक्षितो. डॉक्टरने इथे आत्मचरित्र सांगायचं नसतं. कुठून आलो, घरी कोण आहे, या भागाशी काय संबंध, एवढं पुरतं. स्वतःबद्दल एक शब्दही न बोलता प्रश्नांची फैर झाडणारा माणूस त्यांच्या नजरेत पोलीस किंवा समाजकल्याण खात्याचा अधिकारी असतो. तिसरी पायरी काउपापा, म्हणजे मूळ काम. लक्षणं, तपासणी, निदान सगळं इथे. चौथी पोरोपोरोआकी, निरोप. मी ऐकलं ते बरोबर ऐकलं ना, मी सांगितलं ते तुम्हाला कळलं ना, पुढची भेट कधी आणि मध्ये काही झालं तर फोन कुणाला, हे स्पष्ट करूनच उठायचं.

दुसऱ्या पायरीत एक खड्डा आहे. संगोपनगृहात वाढलेल्या अनेकांना आपली जमात, आपला डोंगर माहीतच नसतो. त्यांना उत्साहाने ‘तुमची जमात कोणती?’ विचारणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. म्हणून प्रश्न मोकळा ठेवतात: ‘तुम्ही लहानाचे मोठे कुठे झालात?’ जमातीचा विषय त्याने काढला तरच पुढे जायचं. हवं असेल तर वंशावळ शोधून देणारी माणसं जोडून देता येतात, पण ते नंतर, त्याच्या मर्जीने.

खोली आणि वेळ याही बाबी क्षुल्लक नाहीत. तीन खुर्च्यांच्या खोलीत आठ माणसांचं कुटुंब आलं की निम्मे लोक दारातूनच परततात, आणि नेमकी निर्णय घेणारी आजी त्यांत असते. पाऊण तासाची अपॉइंटमेंट पहिल्या भेटीला पुरत नाही. भेट संपल्यावर चहा आणि काहीतरी खायला लागतं. ते आदरातिथ्य म्हणून तर असतंच, पण त्यामागे ‘तापू’ आणि ‘नोआ’ ही जोडी आहे. तापू म्हणजे पवित्र, राखीव, जपून हाताळायचं. नोआ म्हणजे रोजचं, मोकळं. प्रार्थनेने सुरू झालेली गंभीर चर्चा तापू असते आणि अन्न तिला पुन्हा नोआ करतं. खाल्ल्याशिवाय उठलेल्या माणसाला ते जडपण घरी न्यावं लागतं.

वॉर्डात याच जोडीचे नियम पदोपदी भेटतात. डोकं हा शरीराचा सगळ्यात तापू भाग. त्यामुळे डोक्याला हात लावण्याआधी, मेंदूच्या आलेखाच्या तारा चिकटवण्याआधी, विद्युत उपचारांआधी विचारावं लागतं, आणि शक्य तिथे आधी काराकिया म्हणजे प्रार्थनेला वेळ द्यावा लागतो. डोक्याखालची उशी पायाखाली घ्यायची नाही, तिच्यावर बसायचं नाही. काही रुग्णालयांत म्हणून डोक्याच्या आणि बाकीच्या उशांचे अभ्रे वेगळ्या रंगाचे असतात. जेवणाच्या टेबलावर बसायचं नाही, त्यावर कंगवा, टोपी किंवा लघवीचं भांडं ठेवायचं नाही. भांडी पुसायचं फडकं कपड्यांसोबत धुवायचं नाही. वॉर्डात मृत्यू झाला तर खोलीत विधी होईपर्यंत दुसरा रुग्ण ठेवत नाहीत. यातलं काहीही महाग नाही. पण रात्रपाळीच्या एखाद्या नर्सने न विचारता रुग्णाच्या डोक्यावरून हात फिरवला, तो भडकला, आणि नोंदीत ‘आक्रमक’ असा शब्द गेला, तर पुढचा प्रवास एकांत कोठडीकडे जाऊ शकतो. एकांतात ठेवलेल्यांमध्ये आणि सक्तीच्या उपचारांखाली असलेल्यांमध्ये माओरींचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे, हे तिथले सरकारी अहवाल वर्षानुवर्षं नोंदवत आले आहेत.

आता निदानाकडे येऊ, कारण चुका महागात पडतात त्या इथे. ‘फाकामा’ नावाची एक अवस्था आहे: लाज, अपराधीपणा, आपली पत गेल्याची भावना, आणि त्यातून गप्प होणं. माणूस खाली बघतो, उत्तर देत नाही, कधी हलतही नाही. नवख्या डॉक्टरला हे तीव्र नैराश्य वाटतं, नाहीतर उर्मटपणा. फरक ओळखायच्या खुणा आहेत. फाकामाला बहुधा एखादा प्रसंग कारणीभूत असतो, आणि आपल्या माणसांत गेल्यावर ती सैल पडते. नैराश्य माणसाच्या मागोमाग सगळीकडे जातं. झोप, भूक, वजन यांवर त्याचा परिणाम आठवडे टिकतो. अशा वेळी प्रश्न वाढवले की माणूस आणखी मिटतो. समोर बसण्याऐवजी शेजारी बसणं, विषय बदलणं, त्याच्या विश्वासातल्या नातेवाइकाला आत बोलावणं याने काम होतं.

त्याहून नाजूक प्रश्न आवाजांचा. मेलेली आजी दिसणं, पूर्वजांचा आवाज ऐकू येणं, पुढचं आधी कळणं याला ‘माताकिते’ म्हणतात आणि अनेक कुटुंबांत ती देणगी मानली जाते. याउलट तापूचा भंग झाल्यामुळे किंवा कुणी करणी केल्यामुळे आलेल्या आजारपणाला ‘माते माओरी’ म्हणतात. पाठ्यपुस्तकाच्या नजरेतून या सगळ्या गोष्टी भ्रम आणि भास. मग ठरवायचं कसं? अनुभवी पथकं काही गोष्टी पडताळतात. हा अनुभव कुटुंबातल्या जाणत्यांना ओळखीचा वाटतो, की तेही म्हणतात ‘हे काही आमच्यातलं नाही’? तो कधी सुरू झाला, जवळच्या मृत्यूनंतर की मेथ घ्यायला लागल्यावर? आवाज धीर देतो, की शिव्या घालतो, स्वतःला इजा करायला सांगतो? बोलण्याचा धागा सुटतो का? आंघोळ, जेवण, कामधंदा चाललाय की महिनोन्महिने ढासळत गेलाय? मग काउमातुआ, म्हणजे जाणते वडीलधारे, यांना बोलावून त्यांचं मत घेतलं जातं आणि ते नोंदीत लिहिलं जातं. पण त्यांच्या मतासाठी रक्ततपासणी किंवा धोक्याची पडताळणी थांबवत नाहीत.

चूक दोन्ही बाजूंनी होते. शोकात आजी दिसलेल्या बाईला सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराची, औषधं सुरू करणं ही एक चूक, आणि ‘हे त्यांच्या संस्कृतीतलं आहे’ म्हणून स्किझोफ्रेनिया सुरू झालेल्या मुलाला वर्षभर तसाच सोडणं ही दुसरी. दुसरीची चर्चा कमी होते, कारण ती करणारा स्वतःला संवेदनशील समजत असतो. सायकोसिसवर उपचार जितके लांबतात तितकं सावरणं कठीण होतं. आणि माताकिते मानणाऱ्या माणसालाही सायकोसिस होऊ शकतो. एकाने दुसरं खोडलं जात नाही. अशा वेळी गोळ्या आणि काराकिया दोन्ही चालतात. कुटुंब तोहुंगाकडेही जाणार असेल तर तारखा आणि तो देणार असलेल्या वनस्पती विचारून घ्याव्यात, म्हणजे औषधांशी त्यांचा झगडा होतो का ते तपासता येतं.

कुटुंबाला किती आत घ्यायचं, याबद्दल कायदाही बोलतो. न्यूझीलंडच्या 1992 च्या मानसिक आरोग्य कायद्यात नंतर घातलेल्या कलम 7अ नुसार सक्तीच्या उपचारांत डॉक्टरने कुटुंबाशी विचारविनिमय करायचा असतो, अपवाद फक्त तो शक्य नसेल किंवा रुग्णाच्या हिताचा नसेल तेव्हा. हा अपवाद महत्त्वाचा आहे. मारहाण घरातच होत असेल तर सगळ्यांसमोर सत्य बाहेर येत नाही. म्हणून पहिल्या भेटीत काही मिनिटं रुग्णाला एकटं भेटून ‘कुणाला बोलवायचं, कुणाला नको’ हे विचारतात. फानाउ म्हणजे रक्ताचंच नातं असंही नाही. रस्त्यावर राहणाऱ्याचा मित्र त्याचा फानाउ असू शकतो.

बरं वाटलं की नाही, हे मोजायलाही वेगळं साधन निघालं. ‘हुआ ओरांगा’ या प्रश्नावलीत चार भिंतींवरचे प्रश्न तिघांना विचारतात: रुग्णाला, उपचार करणाऱ्याला आणि कुटुंबातल्या एकाला. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर सरासरी काढून मोकळं होऊ नये. डॉक्टरच्या मते सुधारणा आणि आईच्या मते काहीच नाही, असं निघालं तर पुढच्या भेटीचा विषय तोच. बहुधा औषधाने आवाज थांबलेले असतात आणि मुलगा दिवसभर झोपून असतो.

या सगळ्याने फरक पडतो का? सगळ्यात बोलका पुरावा न्यूझीलंडबाहेरचा, कॅनडातला आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या जवळपास 200 आदिवासी समुदायांतल्या 1987 ते 1992 मधल्या आत्महत्या चँडलर आणि लालाँद यांनी तपासल्या आणि 1998 मध्ये निष्कर्ष मांडले. जमिनीचे दावे, स्वशासन, शिक्षण, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक केंद्रं हे सहाही घटक ज्यांच्या हातात होते, त्या समुदायांत त्या काळात तरुणांची एकही आत्महत्या नव्हती. एकही घटक नसलेल्यांत प्रमाण भयानक होतं. सहापैकी नाचगाण्याशी संबंध असलेला एकच, बाकीचे पाच कारभाराचे आहेत. आमच्या मते इथेच बहुतेक सरकारं चुकतात. विधीला परवानगी देतात आणि किल्ल्या स्वतःकडे ठेवतात. न्यूझीलंडने जुलै 2022 मध्ये माओरींसाठी स्वतंत्र आरोग्य प्राधिकरण काढलं आणि सरकार बदलल्यावर 2024 च्या जूनअखेर बंदही केलं.

रोजच्या पातळीवर हाच दोष काउमातुआच्या मानधनात दिसतो. सत्तरी ओलांडलेला माणूस आठवड्यातून चार वेळा बोलावला जातो, प्रार्थना करतो, कुटुंबाची समजूत काढतो, आणि पेट्रोलचे पैसेही कधी मिळतात, कधी नाही. तो थकला की अख्खी पद्धत बसते. वॉर्डातल्या एकुलत्या एका माओरी नर्सवर सगळे माओरी रुग्ण लोटून देणं हा त्याचाच दुसरा प्रकार.

आपल्याकडचा धागा जुळतो तो गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या शोधग्राममधलं रुग्णालय गोंड लोकांना विचारून झोपड्यांच्या वस्तीसारखं बांधलं, नातेवाइकांसह राहता येईल असं, आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. रुग्णाला काय भेडसावतं ते आधी विचारून मग भिंती उभारल्या. महाराष्ट्रातल्या समुपदेशकाला याच वाटेने जायचं तर 2013 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान पुस्तिकेत आलेली 16 प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत तयार आहे. तिचा गाभा आपल्या भाषेत असा होतो: तुम्हाला काय होतंय असं वाटतं? घरचे याला काय म्हणतात? कशामुळे झालं असं ते मानतात? आधी कुठे दाखवलं, आणि कशाने थोडंतरी बरं वाटलं? ‘बाहेरचं झालंय’ हे उत्तर आलं तर चेहरा कोरा ठेवून पुढचा प्रश्न विचारायचा: ‘भगताने काय सांगितलं, काय दिलं?’ साखळीने बांधणं, उपाशी ठेवणं, चटके देणं यांतलं काही आढळलं तर ते तिथल्या तिथे थांबवायचं. बाकी उतारा, नवस, जागर चालू असताना गोळ्या सुरू करता येतात, आणि दोन आठवड्यांनी परत यायला सांगताना भगतालाही सोबत आणा असं म्हणता येतं.

न्यूझीलंडला कामासाठी जाणाऱ्या मराठी परिचारिकांना हे सगळं नोकरीचा भाग म्हणूनच शिकावं लागतं. इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेच्या कामातून ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या नर्सिंग शिक्षणात आली. तिची कसोटी अशी: सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणारा ठरवतो, देणारा नाही. इथून गेलेल्या नर्सला वडीलधाऱ्यांचा मान, उंबरठ्याचे नियम, सोवळं-ओवळं समजावून सांगावं लागत नाही. अडतं ते उलट ठिकाणी, ‘आमच्याकडेही असंच असतं’ म्हणून न विचारता गृहीत धरण्यात. आपल्याकडे प्रेमाने डोक्यावरून हात फिरवतात. तिथे आधी विचारायचं.